रंग उजळला

सातपूरला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "बाटली आहे का?"

मी छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या घराण्यात दारूला कोणी शिवलेलं नाही. हे माझ्या दोन्ही चुलत्यांपुरतं खोटं होतं, पण चुलते चांदवडला होते.

"तुमची कोण विचारतंय? लेकराची. दूध पाजायची बाटली. लेकरू आहे?"

"नाही. लग्नालाच चार महिने झालेत."

"मग होईल. झालं तरी बाटली चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. तुम्हाला घ्यायची असेल तर गच्चीवर बसून घेत जा. फक्त रिकाम्या बाटल्या जिन्यात ठेवायच्या नाहीत."

दारूला परवानगी आणि दुधाला बंदी असलेली ती अख्ख्या सातपुरातली एकच इमारत असावी. मला तिथे तीन नंबरची खोली मिळाली.

या बंदीचं कारण काय, यावर भाडेकरूंत दोन तट होते. दोन नंबरवाले म्हणायचे, मालकांचं स्वतःचं मूल बाटलीच्या दुधाने जुलाब होऊन गेलं असणार. एक नंबरमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक मुसलमान बाई राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणायचे. खालांचं मत होतं की मालक वाचणारा माणूस आहे, आईच्या दुधाची किंमत त्याला कळते. मी खालांच्या बाजूचा होतो. मोठ्या विचारांच्या माणसाच्या घरात आपण राहतो, असं वाटून बरं वाटायचं. एकदा धीर करून मी त्यांनाच विचारलं.

"आधीच्या भाडेकरूच्या बाटलीचं रबरी बूच मोरीतून ड्रेनेजमध्ये गेलं," ते म्हणाले. "पुढचं सगळं अंगण उकरावं लागलं."

एवढंच कारण होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही, दोन्ही तटांना वाईट वाटलं असतं.

हे गृहस्थ इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालेले. तिथे लोखंडी कपाटं बनायची आणि हे पेंट शॉपला इन्स्पेक्टर होते. म्हणजे रंगवलेलं दार समोर आलं की पास म्हणायचं किंवा रिजेक्ट म्हणायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना तिसरा शब्द सुचत नसे. पहिल्या दिवाळीला माझ्या बायकोने त्यांना चकल्या नेऊन दिल्या, तर अर्धी खाऊन "पास" म्हणाले. ती वणीची, जरा मानी. आठवडाभर म्हणत होती की पुढच्या वर्षी मी लाडूसुद्धा देणार नाही.

पेंट शॉपमधून येताना त्यांनी रंगवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणल्या होत्या. बोटभर रुंद, भोक पाडून तारेत ओवलेल्या, किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या. त्यातल्या निम्म्या पांढऱ्या. आम्हाला त्या सगळ्या एकच दिसायच्या आणि त्याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. हा दुधाचा, हा सायीचा, हा खडूचा, हा तांदळाचा, असं ते पट्टी पट्टी पुढे सरकवत शिकवायचे. एका पट्टीला ते आजारी पांढरा म्हणत. खाली प्रायमरचा पहिला हात नीट बसला नाही की वरचा रंग चांगला दिसतो, उलट जरा जास्तच उजळ दिसतो, आणि महिन्याभरात सगळं पापुद्र्याने निघून येतं. "नवा पोरगा हाच पास करतो," ते सांगायचे. "गिऱ्हाईकालाही हाच आवडतो."

ट्यूबच्या उजेडात रंग बघायचा नाही, हा त्यांचा नेम होता. वांगी, शर्टपीस, नातेवाइकांनी मत घ्यायला पाठवलेले स्थळांचे फोटो, सगळं ते अंगणात आणून उन्हात धरायचे. बायकोने भद्रकालीतून मोरपंखी म्हणून साडी आणली, ती यांनी भर दुपारी गच्चीवर नेऊन पाहिली आणि दुकानदाराने फसवल्याचं सांगितलं. साडी बदलायला आम्हाला परत जावं लागलं. दुकानदाराने ती दारात उन्हात धरली आणि गुपचूप बदलून दिली.

माणसांना ते खोलीच्या नंबरावरून हाक मारत. मी तीन नंबर, बायको तीन नंबरच्या बाई. आम्हाला मुलगी झाली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "म्हणजे आता साडेतीन." मला राग आला. बायकोला मात्र नाव आवडलं. साडेतीन पीठांतलं ते वरचं अर्धं आमच्या वणीचं, म्हणाली, देवीचंच नाव पडलं म्हणायचं.

सहा महिने सगळं बेताने चाललं. मग बायकोची पॅकिंगच्या युनिटमधली नोकरी परत सुरू झाली आणि पोरीला सांभाळायला माझी आई चांदवडहून आली. येताना दोन पायल्या बाजरी आणली आणि बाजरीच्या पिशवीत खुपसून बाटली आणली.

त्या घरात आम्ही बाटली ज्या शिताफीने लपवली तेवढी हुशारी मी नोकरीत दाखवली असती तर आज सुपरवायझर असतो. बाटली गव्हाच्या डब्यात राहायची. धुवायची ती दार लावून. जिन्यात पाऊल वाजलं की आई पदराखाली घ्यायची, आणि पोरगी पदराखालून चुकचुक आवाज काढत प्यायची. आईचं म्हणणं साधं होतं. पोरीला वरणभात भरवायला बसलं की अर्धा तास जातो, थुंकते, कपडे खराब करते. बाटली दिली की पाच मिनिटांत काम होतं. वर्षाची होईपर्यंत पोरगी दिवसाला दीड लिटर दूध प्यायला लागली. भाकरीचा तुकडा पुढे केला की मान फिरवायची.

"दीड लिटर पिती," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "लय गुणाची पोर हाय. रडनं नाय, हट्ट नाय. टाकली तिथं पडून ऱ्हाती."

आणि रंग उजळला. हे मी स्वतः बघितलंय. आमच्या घरात सगळे तव्याच्या बुडासारखे, बायको उन्नीस-बीस. मुलगी जन्मली तेव्हा आमच्यातलीच दिसत होती. नवव्या-दहाव्या महिन्यापासून ती महिन्यागणिक गोरी होत गेली. गाल असे की हात लावावासा वाटावा, अंगावर बाळसं, अंगणवाडीच्या कार्डावर वजन हिरव्या पट्ट्यात. ताई म्हणाल्या, सगळ्यांची मुलं अशी असती तर आम्हाला कामच राहिलं नसतं. श्रेय कोणाचं, यावर घरात वाद झाले. आई म्हणायची डाळीचं पीठ आणि साय लावून मी अंघोळ घालते त्याचं. सासूबाईंनी वणीहून फोनवर सांगितलं की आमच्याकडे कोणी तरी पणजी गोरी होती. मी गरोदरपणात मेनरोडवरून केशर आणलं होतं, त्यामुळे मला माझं मत होतंच. तिचा अंगणात बसवून काढलेला एक फोटो मी मोबाइलवर ठेवला होता. मशीनवर जॉब लावला की शेजारच्याला दाखवायचो. "तुझीच का रे?" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटायच्याऐवजी बरं वाटायचं. हे लिहायला आज लाज वाटते, पण तसंच होतं.

मालकांचा आणखी एक नेम होता, भिंतपाहणीचा. महिन्यातल्या पहिल्या रविवारी ते स्टीलची फूटपट्टी घेऊन प्रत्येक खोलीत यायचे. कुठे खिळा ठोकलाय, कुठे तेलकट डोक्याचा डाग पडलाय, ते बघायचे. त्या रविवारी आईने बाटली वेळेत डब्यात टाकली होती. मी निर्धास्त चहा पीत होतो. ते मोरीजवळच्या कोपऱ्यात गेले आणि तिथेच खाली बसले.

"तीन नंबर, भिंत कोणी खाल्ली?"

मी जाऊन बघितलं. जमिनीपासून हात-दीड हातावर तळहाताएवढा चुना निघालेला होता. आतली माती दिसत होती.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"उंदीर उभा राहून खात नाही." त्यांनी फूटपट्टी लावली. "आणि हे बघा, चार दात. वर दोन, खाली दोन."

आमच्या घरात चार दात एकाच व्यक्तीला होते. ती तेव्हा चौदा महिन्यांची, पलंगाच्या पायाशी नेहमीप्रमाणे गुणीपणाने पडून होती. ओठाच्या कडेला चुना लागलेला. मालक तिच्याकडे बघत राहिले. मग कोणाला काही न विचारता तिला उचललं आणि अंगणात उन्हात घेऊन गेले. मी चहाचा कप हातात घेऊन मागे, माझ्या मागे आई, आईच्या मागे बायको. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. तळहात उघडून बघितला. खिशातून पट्ट्यांचं जुडगं काढलं, एक पट्टी त्या तळहाताशेजारी धरली आणि परत खिशात टाकली.

"ही गोरी नाही," ते म्हणाले. "पांढरी आहे. हिचा रंग खालून गेलाय. डॉक्टरकडे न्या."

आई पुढे आली आणि पोरीला त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. "चांगल्या पोरीला दिष्ट लावाया आला का? तुमच्या पत्र्याशी माझी नात लावून बघता?"

मला त्या क्षणी त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या पट्टीचा राग आला होता. मी म्हणालो, "काका, तुम्ही तुमच्या भिंतीचं बघा. मुलीचं आम्ही बघू."

"भिंत मी पुन्हा रंगवीन," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत हिच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवा, नाहीतर खोली खाली करा. आणि तीन माणसांच्या चहाला दीड लिटर दूध लागत नाही. पिशव्या मी रोज बघतो."

म्हणजे बाटलीचं त्यांना कधीपासून ठाऊक होतं. त्या दुपारी मी दुसरी खोली बघायला पार सिडकोपर्यंत फिरलो. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, "ती भिंत खाते, हे मला माहीत होतं. मला वाटलं, दात येतायत म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून पोरीला लॅबमध्ये नेलं. काळजी होती म्हणून नेलं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी रिपोर्ट त्यांच्या तोंडावर फेकायला नेलं होतं. रक्त काढणाऱ्या पोराने सुई टोचली तर ही रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. मी त्यालाही म्हणालो, शांत आहे आमची. त्याने नळी उजेडात धरली, आत जाऊन कोणाला तरी दाखवली, आणि तपासणी पुन्हा एकदा केली.

हिमोग्लोबिन चार पॉइंट आठ.

बायकोला आणि आईला बोलावून पोरीला तसंच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून नजर काढून आमच्याकडे बघितलं. "अकराच्या वर पाहिजे. हिचं हृदय किती धावतंय बघा, हात ठेवा इथे." मी हात ठेवला. एवढ्याशा छातीत ते नुसतं पळत होतं. "ही शांत नाही हो, हिच्यात रडायला ताकद नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं. पोट दुधानेच भरलं की बाकी काही खायला जागा राहत नाही. अशी मुलं माती खातात, चुना खातात." मग जरा थांबून म्हणाल्या, "सगळे म्हणत असतील, किती गोरी झाली."

तिला लगेच दाखल केलं आणि रक्त चढवायला सुरुवात केली. ते थेंब थेंब, फार सावकाश द्यावं लागतं, नाहीतर हृदयाला झेपत नाही, असं सिस्टरने सांगितलं. त्या रक्ताच्या बाटलीकडे बघत बसण्यापलीकडे मला काम नव्हतं. मी माझ्या मुलीला जवळजवळ मारलं होतं, आणि मारताना फोटो काढत होतो, हे मला तिथे बसून कळलं.

मालक हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे होते, वर आले नाहीत. मी खाली गेलो.

"किती?"

"चार पॉइंट आठ. अकरा पाहिजे."

"म्हणजे निम्म्याहून कमी. असा माल आम्ही गेटवरूनच परत—" त्यांनी चष्मा काढून पुसला. "चुकलं. मला दुसरं बोलता येत नाही," म्हणाले, आणि हातातली पिशवी माझ्याकडे देऊन गेले. आत लोखंडी कढई होती. वापरातली, त्यांच्याच घरातली. यात भाजी करा, एवढंही त्यांनी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर बाटली आईने स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिली. तिच्यावर माप चांगलं छापलेलं होतं, ते थिनर मोजायला कामी आलं. पोरगी तीन दिवस दुधासाठी रडली. चौथ्या दिवशी तिने खालांनी कुस्करून दिलेली कलेजी खाल्ली, मग नाचणीची आंबील, मग मेथीची भाजी माखलेली बाजरीची भाकरी. लोहाच्या औषधाने दात काळे पडले. आणि ती हट्ट करायला लागली, फरशीवर लोळून, पाय आपटून. आम्ही दोघं कामावरून येऊन तो हट्ट समोर बसून बघायचो. कोणी तिला गप्प करत नसे.

महिन्याभराने तिचा रंग उतरायला लागला. म्हणजे आईच्या भाषेत उतरायला. आधी ओठ, मग तळहात, मग गाल. आई संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन हळहळायची, "गेला गं माझ्या पोरीचा रंग. कशी केतकीवानी झालती." ती रुसून चांदवडला गेली ती त्या रंगासाठी, असं मला आजही वाटतं. मालक मात्र दर रविवारी भिंतीच्या निमित्ताने यायचे, पोरीला अंगणात उचलून न्यायचे, बघायचे आणि "अजून नाही" म्हणून परत द्यायचे. चौथ्या महिन्यात रिपोर्ट अकरा पॉइंट दोन आला. त्या रविवारी ते आलेच नाहीत. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "आता काय बघायचं? भिंत चांगली आहे ना?"

याला चौदा वर्षं झाली. आम्ही आता सिडकोत राहतो. मी ही गोष्ट कंपनीत, लग्नाकार्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही सांगितलीय. माझ्या सांगण्यात मालक पहिल्या नजरेत रोग ओळखणारे, डॉक्टरच्या वरचे. एकाच व्यक्तीला ती सांगितली नव्हती, ती म्हणजे साडेतीन. तू लहानपणी आजारी होतीस, एवढंच तिला माहीत.

या दिवाळीला फराळ द्यायला तिला घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून सगळं निळसर दिसतं म्हणून पट्ट्या भंगारात देऊन टाकल्यात. पोरगी दहावीत. सध्या तिचं आरशासमोर रोज काही ना काही लावणं चालू असतं. बसल्या बसल्या तिने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. माझ्या जुन्या फोनमधला तोच फोटो तिला कुठून तरी सापडला होता.

"आजोबा, बघा मी किती गोरी होते. आजी म्हणते, तुम्ही दृष्ट लावलीत. मला परत अशी व्हायचंय."

ते माझ्याकडे बघायला लागले. "सांगितलं नाही?"

मग मला सांगावं लागलं. दूध, भिंत, चार पॉइंट आठ, सगळं. तो फोटो कारखान्यात दाखवत फिरायचो, हेही. ती ऐकत होती आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ओठसुद्धा पांढरे आहेत. ऊन पडलंय चांगलं. तुम्हाला दिसलं नाही?"

मी मालकांकडे बघितलं. या बाबतीत बोलायचा हक्क एकट्या त्यांनाच होता. त्यांनी करंजीचं ताट बाजूला सरकवलं.

"तुझ्या बापाला काय विचारतेस," ते म्हणाले. "तू रोज जिन्यात माझ्यासमोर असायचीस. मलाही भिंत खराब झाली तेव्हाच दिसलं."